पान नऊवरचा मुनीम

सावद्याच्या वाचनालयात माझं काम पावत्या फाडायचं.
लोक ग्रंथपाल म्हणतात. मी अडवत नाही.
भिंतीपलीकडे केळीची वखार,
म्हणून आमच्या प्रत्येक पुस्तकाला
कुठे ना कुठे चिकाचा डाग.
आधी पाण्यासारखा, मग काळा, मग कायमचा.

विक्रांत सरनोबत बेचाळीस पुस्तकं जगला.
पिस्तूल, शीळ, पांढरे बूट.
त्रेचाळिसाव्यात, पान तीनवर, एका ओळीत
लेखकाने त्याला पेन्शनीत काढलं
आणि खुर्चीत आणून बसवली मथुरा डोळस.
आडनाव डोळस, चष्मा सोडाबाटलीच्या बुडाचा.
आधी वजनमापे खात्यात होती.
कुत्र्याला भिते.

"मेला असता तर तेराव्याला जेवलो असतो,"
मुरलीधर वायकोळे टेबलावर पुस्तक आपटून म्हणाले,
"पेन्शन कायले?
पांढऱ्या बुटाचा मानूस घरी बसून काय
वांगे भाजीन?"

मग समासात पेन्सिली चालू झाल्या.
'हिला धावता येत नाही.' पान बावीस.
'मग?' त्याखाली, बारीक अक्षरात,
शेजारी हळदीचं बोट.
ही बऱ्हाट्यांची लीलाबाई.
तिच्याकडून आलेलं पुस्तक
दोन दिवस फोडणीचा वास सोडत नाही.

पान सत्तरवर मथुरा तराजू उलटा करते,
पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक
नखाने सोडवून खुन्याच्या भावासमोर ठेवते.
तिथे जेठमल शेठनी शाईने लिहिलंय,
'हे छापायची काय गरज होती?'
त्याच पानावर हमालांचे अंगठे,
एकावर एक, इतके काळे
की खालच्या चार ओळी आता अंदाजाने वाचाव्या लागतात.

हुसेन तडवी रात्रपाळीला वखार राखतो.
त्याने काही लिहिलं नाही.
पुस्तक देताना एवढंच बोलला,
"भिते, तरी अंधारात जाते. आमचं तेच."

आणि पान नऊ.
लाल पेन्सिल, आडवं, अख्ख्या पानावर:
खुनी मुनीम आहे.

मी पोलीस नाही. पण तो ख पाहिला.
जुन्या वळणाचा, र आणि व
एका बाकावर बसल्यासारखे, हात न धरता.
रवुनी मुनीम आहे.
असा ख गावात आता दोघेच काढतात.
एकाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
दुसरे टिकाराम फिरके, रेल्वेतले जुने सांधेवाले,
सरनोबतची बेचाळीसच्या बेचाळीस ज्यांनी दोनदा नेली
आणि हे एका रात्रीत परत आणलं,
चपला न काढता.
त्यांची खूण, पुठ्ठ्याचं तिकीट, सावदा ते निंभोरा,
पान नऊलाच राहून गेलेली.

नऊ पानं वाचून माणसाने निकाल दिला.
मुनिमाने कोणाला मारलेलं नाही.

खोडरबर काढलं. परत ठेवलं.
कारण त्यानंतर जो तो
मुनिमाच्या हातांवर नजर ठेवून वाचत गेला,
आणि शेवटी मथुरेने चष्मा पुसत
भलत्याच दाराकडे मान वळवली
तेव्हा वायकोळे रात्री अकराला माझी कडी वाजवत होते.
"फसवलं रे तिनं," म्हणाले,
पोराला नोकरी लागल्यासारखे खूश.
फसवलं तिने नव्हतं. मी पाणी दिलं.

काल फिरके आले.
पेपर उलटा केला, सुलटा केला.
"मुनीमच होता ना शेवटी?"
तुमचं तिकीट आत राहिलंय, मी म्हटलं.

एक मालगाडी अख्खी जाईपर्यंत ते उभे होते.
मग सही केली, वडिलांच्या नावासकट:
टिकाराम सरवाराम फिरके.
मी पावती फाडली. ते माझ्याकडे पाहत नव्हते,
मीही पाहिलं नाही.

चव्वेचाळिसावं पोळ्याच्या सुमाराला येईल म्हणतात.
यादी आत्ताच लागलीय.
पहिलं नाव जेठमल शेठ.